उरण, उत्तन आणि आपली खाडी: जायच्या आधी पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा

ठाणे, ऐरोली, खारघर भागात नव्याने राहायला आलेल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: "रविवारी समुद्रावर जायचंय, हवा कशी असेल?" नागपूर, लातूर, जळगावकडच्या माणसाला हवा म्हटलं की ऊन आणि पाऊस आठवतो, आणि तिकडे तेवढं पुरतंही. मोबाइलवर सूर्याचं चित्र दिसलं की मुलांना घेऊन निघायचं. इथे तेवढ्यावर निघू नका. आभाळ स्वच्छ असतानाही पाणी बंधाऱ्याला लागलेलं असू शकतं आणि पाय टेकायला वाळू मिळत नाही. उलट ढगाळ दिवशी लांबच्या लांब ओली वाळू मोकळी पडलेली असते.

म्हणून बघायचा क्रम असा ठेवा: आधी भरती-ओहोटी, मग वारा, मग लाटा, शेवटी पाऊस. जून ते सप्टेंबर मात्र पावसाचा इशारा सगळ्यात आधी बघायचा. हा क्रम अंगवळणी पडला की पुढच्या आठवड्याचा किनारा कसा असेल हे घरबसल्या बऱ्यापैकी कळतं.

कुठे जायचं ते आधी ठरवा

नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत आंघोळीला उतरावं असा वाळूचा किनारा नाही. वाशीच्या सागर विहारला किंवा ऐरोलीला दिसतं ते ठाणे खाडीचं पाणी. ते बघायला सुंदर, पण खाली गाळ आहे, त्यात उतरायचं नाही. खऱ्या समुद्राला जवळचे रस्ते दोन. एक उरणचा. तालुका रायगड जिल्ह्यातला असला तरी १२ जानेवारी २०२४ पासून खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यामुळे नेरुळ किंवा बेलापूरहून थेट जाता येतं. स्टेशनवरून रिक्षाने नागाव-पिरवाडीचा किनारा. दुसरा रस्ता ठाणे जिल्ह्यातल्या उत्तनचा. भाईंदर पश्चिमेहून बस मिळते. उत्तन हे कोळ्यांचं गाव आहे, किनाऱ्यावर मासळी वाळत असते, होड्या ओढलेल्या असतात. तिथे आपण कोणाच्या तरी कामाच्या जागेत उभे आहोत याचं भान ठेवावं.

सर्फिंगची फळी घेऊन यावं का, असंही हल्ली मुलं विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: इथे नको. मुंबईसमोरचा समुद्रतळ फार दूरपर्यंत उथळ आहे, त्यामुळे लांबून आलेल्या लाटेचा जोर वाटेतच बराच कमी होतो. हिवाळ्यात लाट फळी उचलण्याइतकी नसते, आणि पावसाळ्यात ती असते तेव्हा पाणी गढूळ, खाली खडक आणि वर लाकडं-प्लास्टिक तरंगत असतं. शिकायचंच असेल तर कर्नाटकातल्या मुल्कीला जा, तिथे रीतसर शिकवतात.

भरतीची वेळ: तिथीची पाऊणपट

आपल्याकडे दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. चक्र साधारण २४ तास ५० मिनिटांचं असल्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. गेल्या रविवारी संध्याकाळी पाणी लांब होतं, म्हणून या रविवारीही असेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो. आठवड्यात सगळं उलटं झालेलं असतं.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा तास, दिवसाचा आणि रात्रीचाही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी ३ आणि रात्री ३ च्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा-सव्वासहा तास मागे-पुढे पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचं.

यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण दिनदर्शिकेत सूर्योदयाची तिथी छापलेली असते आणि चंद्रही काटेकोर चालत नाही. म्हणून हा आकडा दिवस निवडण्यासाठी वापरा, आणि निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक उघडून नेमकी वेळ बघा. वेळापत्रकात बहुधा अपोलो बंदरची वेळ असते. खाडीत आत, वाशी-ऐरोली-ठाण्याकडे, तेच पाणी थोडं उशिरा पोहोचतं.

आता या गुणाकारातून काय निघतं ते बघा, कारण खरा उपयोग इथेच आहे.

पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला येते, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. सूर्यास्त बघायचा, मुलांना वाळूत खेळवायचं, तर हे दिवस चांगले, वाळू सगळ्यात रुंद मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला. त्या संध्याकाळी पाणी वर असतं, पण ती भांगाची, म्हणजे लहान भरती असल्यामुळे बेताची असते. मधल्या चतुर्थी-पंचमीला दुपारी तीन-चारला भरती येते, तीही उधाणाच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या भरतीच्या, जवळची. घरून जेवून चार वाजता पोहोचणाऱ्यांची निराशा नेमकी याच दिवशी होते.

एक दिवस मात्र मला दरवर्षी काळजी लावतो. धुळवड. होळी पौर्णिमेची, धुळवड तिच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिथी ठरलेली आणि म्हणून पाण्याची वेळही ठरलेली. साडेबारा-एकच्या सुमाराला उधाणाची भरती पूर्ण होते आणि लगेच सुकती, म्हणजे ओहोटी, लागते. रंग खेळून झाल्यावर पोरं आंघोळीला समुद्रावर येतात ती याच वेळी, दुपारी दोन-तीनला, जेव्हा बाहेर जाणाऱ्या पाण्याचा जोर वाढत चाललेला असतो. धुळवडीला बुडण्याच्या बातम्या वारंवार वाचतो, त्यामागे हे गणितही असावं. तुमच्या सोसायटीतली मुलं त्या दिवशी समुद्रावर निघाली तर त्यांना थांबवा. रंग घरच्या बादलीत उतरतो.

भरतीचा आकडा आणि तासातासाचा हिशेब

वेळापत्रकात वेळेपुढे मीटरमध्ये आकडा असतो: ४.६, ३.२, ०.७ असा. ही तुमच्यासमोरच्या पाण्याची खोली समजू नका. सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपास धरलेल्या पातळीपासूनची ती उंची असते. उपयोगाचा असतो तो भरती आणि ओहोटी यांतला फरक. फरक चार मीटरच्या आसपास गेला की ते उधाण, पाण्याला ओढ जास्त. फरक दोन मीटरच्या खाली आला की भांग, पाणी सुस्त. उधाणाचं सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं, हेही लक्षात ठेवा. पावसाळ्यात दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा मुंबई महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी मोबाइलमध्ये ठेवून द्या.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. लोकलसारखं आहे: सुटताना हळू, मध्ये भरधाव, स्टेशन आलं की पुन्हा हळू. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उधाणाचा चार मीटरचा फरक धरला तर मधल्या दोन तासांत दर तासाला एक मीटर पाणी चढतं. किनाऱ्याचा उतार पन्नासाला एक असेल, तर एक मीटर चढलेलं पाणी पन्नास मीटर वाळू गिळतं. तासाभरात. चटई अंथरून डबा उघडलेल्या कुटुंबाला ते कळायला वेळ लागतो. खडकावर फोटो काढत पुढे गेलेल्यांना तर मागे वळेपर्यंत कळत नाही, कारण पाणी आधी मागच्या खोलगट भागात भरतं आणि मग खडकाला वेढा पडतो. उत्तनसारख्या खडकाळ किनाऱ्यावर हा धोका विशेष.

म्हणून घरून निघतानाच परतायची वेळ ठरवा. ओहोटी पूर्ण होण्याआधी दीड-दोन तास पोहोचायचं आणि भरती लागल्यावर तासाभरात खडक आणि खालची वाळू सोडायची. एकादशीचं उदाहरण घ्या. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठला भरती, अडीचच्या सुमाराला ओहोटी. एक वाजता पोहोचा, साडेतीनला खडकांवरून मागे या, पुढे बंधाऱ्यावर बसून चहा घ्या.

गाडी वाळूत घालू नका. चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधेपर्यंत भरती येते, आणि खारं पाणी इंजिनात गेलेली गाडी पुन्हा धड होत नाही.

वारा

नोव्हेंबर ते मे सकाळचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि पाणी सपाट असतं. दुपार झाली की खारे वारे सुटतात, बहुतेक वायव्येकडून, आणि तीन ते पाचच्या दरम्यान त्यांचा जोर सगळ्यात जास्त. लहान मूल बरोबर असेल तर या दिवसांत सकाळचीच ओहोटी पकडा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणजे सरळ अंगावर.

हवामान खात्याच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मधूनच ६५ पर्यंत" असा मजकूर दिसला की किनाऱ्याचा बेत रद्द. तो इशारा होडीवाल्यांसाठी असला तरी तोच वारा आपल्या किनाऱ्यावर पोहोचतो. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याची खूण, लागला आहे असं कानावर आलं तरी तेच समजा. बावटा लागला की भाऊचा धक्का ते मोरा लाँचही बंद होते. लाँचने उरणला जाणाऱ्यांनी एरवीही ओहोटीची वेळ बघावी, मोरा बंदरात गाळ असल्यामुळे पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागायला अडचण येते.

लाटांचे आकडे

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्राचा अंदाज देते: लाटेची उंची, दिशा आणि दोन लाटांमधले सेकंद. उंचीचा जो आकडा छापतात तो सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतो, वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दीड मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून अडीच-तीन मीटरचीही येऊ शकते. "इतका वेळ तर पायापर्यंतच येत होतं" असं म्हणत उभं राहणारा माणूस त्या एका लाटेने पडतो.

सेकंदांकडे लोक बघतच नाहीत, आणि मला तो आकडा उंचीइतकाच महत्त्वाचा वाटतो. सहा-सात सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याने उठलेली असते, आवाज जास्त, जोर कमी. बारा-चौदा सेकंदांच्या पुढची लाट फार दूरच्या वादळातून निघालेली असते. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडच्या महासागरातून अशा लाटा येतात, तेव्हा आपल्याकडे वारा पडलेला आणि ऊन कडक असतं. दिसायला ती बुटकी, पण फुटल्यावर वाळूवर फार वरपर्यंत चढते आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा असेल तर निरभ्र आकाशावर विश्वास ठेवू नका.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर हे स्वतः मोजता येतं. एक लाट फुटली की घड्याळ लावा, पुढच्या दहा लाटा फुटेपर्यंत किती सेकंद गेले ते बघा आणि दहाने भागा. मुलांना हे काम द्या, ती आवडीने करतात.

पावसाळा

मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रापासून माणसं वाचावीत म्हणूनही. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन कोळी पुन्हा दर्याकडे वळतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते घरात असताना आपण पाण्यात उतरायचं काही कारण नाही. बंधाऱ्यावरून लांबून बघा, लाट उडताना दिसते तिथून चांगलं पन्नास पावलं मागे.

इशाऱ्यांचे रंग सोपे आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. नवी मुंबईकरांनी हा आकडा भरतीच्या वेळेशेजारी ठेवून वाचावा. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव बांधले. भरतीत त्यांची झडपं बंद होतात आणि पावसाचं पाणी ओहोटी लागेपर्यंत तिथे थांबतं. भरती आणि मुसळधार एकाच वेळी आली की वाशी-बेलापूरच्या सखल रस्त्यांवर पाणी साचतं आणि समुद्रावरून घरी परतणं अवघड होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा दुपारी मोठी भरतीही होती.

मे महिन्यात वळवाच्या आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या विजा असतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप जवळपासच्या विजा दाखवतं. गडगडाट ऐकू आला की उघड्या वाळूवरून उठून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं

चपला काढायच्या आधी उभं राहून बघा. बंधाऱ्याच्या दगडावर खाली हिरवट-काळा, बुळबुळीत पट्टा दिसतो, त्यात कालवांची आणि खडबडीत पांढऱ्या शिंपल्यांची दाटी. वरचा दगड कोरडा, फिका. हा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत पाणी रोज येतं. वाळूवर सुकलेल्या काटक्या, थर्माकोलचे दाणे, शेवाळ यांची वेडीवाकडी ओळ असते, ती शेवटच्या भरतीची रेघ. सामान त्या रेघेच्या वर ठेवा. खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी काढली असेल, तर पाणी उतरून बराच वेळ झाला आहे. वाळू नुसतीच चकचकीत आणि सपाट असेल तर पाणी आत्ताच गेलं आहे किंवा यायला लागलं आहे.

मग लाटांकडे बघा. सगळीकडे पांढरा फेस फुटतो आहे आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद किंवा जास्त गढूळ दिसतो आहे, अशी जागा नवखा माणूस मुलांसाठी निवडतो. तिथूनच पाणी बाहेर ओढलं जात असतं. त्या पट्ट्यापासून लांब राहा. गावातलं कोणी जाळं विणत, मासळी निवडत बसलं असेल तर सरळ विचारा, "काका, भरती लागली का? इथे पाण्याला ओढ कशी आहे?" त्यांच्याइतकं खात्रीचं उत्तर कुठल्याच अ‍ॅपमध्ये मिळत नाही. ते "वर या" म्हणाले की वाद न घालता वर या.

गुडघ्याच्या वर पाणी नको, ही मर्यादा मोठ्यांनीही पाळावी. पाण्याने ओढलंच तर किनाऱ्याच्या दिशेने जोर लावू नका, त्यात दम संपतो. उताणं होऊन तरंगा, हात वर करून ओरडा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं सरका. ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्याच्या बाहेर आलं की लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात. दुसरा बुडताना दिसला तर मागोमाग उडी टाकू नका. झाकण लावलेला रिकामा कॅन, दोरी, एकमेकांना गाठ मारलेल्या ओढण्या, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेका आणि ११२ ला फोन लावा. समुद्रात खोलवर कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात निळे, फुग्यासारखे जेलीफिश वाळूवर वाहून येतात. मेलेलेही डंख करतात. डंख झालाच तर तंतू हाताने न काढता काडीने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

खाडीसाठी हाच हिशेब

वर शिकलेली पाऊणपट रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठीही चालते. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य जाहीर झाली आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. ओहोटीला हे पक्षी उघड्या गाळावर चरायला पसरतात, भरतीने गाळ झाकला की नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. तेव्हा पाणथळीवर जवळून बघायचे असतील तर भरतीची वेळ गाठा, खाडीकाठावरून खाणारे थवे बघायचे असतील तर ओहोटीची. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटींना पाणी पुरेसं लागतं, म्हणून फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. तिथी बघून तारीख निवडा, मगच आरक्षण करा. दुपारच्या उन्हात बोटीत बसायचं नसेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस टाळा आणि ज्या तिथींना भरती सकाळी आठ-नऊला येते, त्या दशमी-एकादशी-द्वादशीकडे बघा.